दादीचा ताविज

अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी होते. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी रुपयाएवढी एक चकती आणली. वरच्या कडेला भोक होतंच. दादीने ती हातावर तोलून पाहिली. चांदीसारखी, पण वजन कागदाएवढं! धाकटा भाऊ तेव्हा तापाने फणफणला होता. दादीने काळा दोरा ओवला, अल्लाचं नाव घेतलं आणि त्याच्या गळ्यात बांधली. ताप उतरला. चकती गळ्यातच राहिली. घामाने ती काळी पडेना, की गळ्याला हिरवा डाग पडेना. दादीला आणखी काय पुरावा हवा?

आम्ही दोघे थोरले इंग्रजी शिकलो आणि अक्षरं लावून वाचली. एका बाजूला शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातली घुमटाची इमारत, दुसरीकडे कापडाच्या दुकानाचं नाव. ताविज कसला, जाहिरात! आम्ही धाकट्याला इतकं चिडवलं, की त्याने ती विहिरीत टाकली. दादी कितीतरी दिवस अंगण चाळत होती. आम्ही गप्प. ती गेली, तरी गप्पच.

पुढे आम्हाला या चकत्यांचा नाद लागला. त्या काळचे व्यापारी प्रदर्शनात त्या वाटत. पितळेच्या असत, पांढऱ्या कथली धातूच्या असत. १८९३ मध्ये मात्र ॲल्युमिनियमची नवलाई होती. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवला तेव्हा हा धातू चांदीच्या तोलाचा होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने, एकमेकांना नकळत, विजेने तो काढण्याची रीत शोधली आणि तो जाहिरातीत फुकट वाटण्याइतका उतरला. दादीच्या चमत्काराचं मूळ हे. (त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत अमेरिकन मुसलमान अलेक्झांडर रसेल वेब इस्लामवर बोलले. आदल्याच वर्षी ते मुंबईला येऊन गेले होते. दादीला हे सांगायला हवं होतं, खूश झाली असती.)

शिकताना चुकलोही. एक पितळी चकती चिंचेने घासून लखलखीत केली आणि तिची सव्वाशे वर्षांची झाक घालवून बसलो.

भोक पडलेल्या चकतीला बाजारात भाव कमी. आम्ही मात्र भोकाचीच आधी पाहतो. दुकानाचं नाव आता आठवत नाही, शेवटी ‘अँड सन्स’ होतं एवढंच. विहीर केव्हाच बुजवली. गेल्या महिन्यात एक मिळाली. घुमट तोच, भोकही तिथेच. उलटून पाहिली, तर दुकान चपलांचं. घेतली. धाकट्याला अजून दाखवलेली नाही.