उजळणी

लॅपटॉपमधील ज्या वस्तूस आपण स्मृति म्हणतों, तिच्याइतकी विसराळू वस्तु माझ्या पाहण्यांत दुसरी नाहीं. वीज गेली कीं ती सारें विसरते, आणि वीज असतांनाहि विसरतच असते. नामकरणाचा हा दोष आपला नव्हे. १९४५ सालीं जॉन फॉन नॉयमन यानें भावी गणकयंत्राचा आराखडा लिहिला, तेव्हां मानवी मज्जासंस्थेशीं तुलना करून त्यानें या अवयवास 'मेमरी' म्हटलें. इंग्लंडांतील मंडळी बॅबेजला अनुसरून बरींच वर्षें 'स्टोअर', म्हणजे कोठार, म्हणत असत. मला विचाराल तर दोन्ही नांवें फसलीं. एखाद्या मास्तराला विचारलें असतें, तर त्यानें 'फळा' हें नांव सुचविलें असतें. तास चालूं आहे तोंवर त्यावर सर्व कांहीं. घंटा झाली कीं कोरा. खरें कोठार म्हणजे हार्ड डिस्क, आणि तें निराळेंच असतें.

माझ्या यंत्राचा फळा चार जी. बी.चा. २०१४ सालीं तो ऐसपैस वाटे. आतां एका विद्यार्थ्याचा प्रबंध, ब्राउझरचीं पांचसहा पानें आणि टपाल एवढें उघडलें कीं, दाबलेलें अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत खिडकींतून बाहेर पाहून घ्यावें. यंत्र मंद झालें असें लोक म्हणतात. पण त्याची बुद्धि होती तेवढीच असते, फळा मात्र अपुरा पडूं लागतो. तो भरला म्हणजे यंत्र त्यावरचा कांहीं मजकूर कपाटांतल्या वहींत उतरवून ठेवतें, जागा करतें, आणि तोच मजकूर पुन्हां लागला कीं उठून कपाटाशीं जातें. फळ्यावरचें वाचावयास शंभर नॅनोसेकंदांच्या आंतबाहेर वेळ लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून आणावयास दहा मिलिसेकंदांच्या आसपास. एकास लाख असें हें प्रमाण. फळ्याकडे पाहण्यास एक सेकंद धरला, तर कपाटाची खेप सत्तावीस तासांहून अधिक होते. तेवढ्या वेळांत माणूस पुण्याहून आगगाडीनें काशीच्या जवळपास पोंचतो. माझें यंत्र परिच्छेदागणिक काशीयात्रा करीत होतें.

एरवीं मला याचें फारसें दुःख नव्हतें. प्राध्यापकाला थांबण्याची संवय असते. परंतु गेल्या वर्षापासून संध्याकाळीं मी नानांच्या आठवणी उतरवून घेतों. माझे वडील सत्याऐंशी वर्षांचे आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचें गेलें, आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलें. त्या दिवशीं ते नारायण पेठेंत होते. पाणी कितव्या पायरीवर केव्हां आलें, शेजारच्या बिऱ्हाडांतून काय काय वर नेलें, हें ते आजहि घड्याळ लावून सांगतात. चहा मात्र अर्ध्या तासांत तीनदां विचारतात. "माझा चहा झाला का रे?" "झाला, नाना." "मग ठीक." कोठार शाबूत आहे; फळा बोटभर उरला आहे.

यंत्राच्या काशीयात्रेनें घात होई तो येथें. नाना सांगत असत, मी टंकीत असें, आणि मध्येंच पडदा थिजे. "थांबा हं, नाना," म्हणावें लागे. ते थांबत. यंत्र परत येई तोंवर पाणी कोठपर्यंत आलें होतें हें त्यांच्या हातून निसटलेलें असे, आणि चेहऱ्यावर जो एक ओशाळेपणा दिसे तो मला पाहवत नसे. फोनवर ध्वनिमुद्रण कां केलें नाहीं, असें वाचक विचारतील. फोन पुढें धरला कीं नाना सत्कारसमारंभांत बोलल्यासारखे बोलूं लागतात. तें नको होतें.

कर्व्यांच्या पुतळ्यापासून जवळच, एका इमारतीच्या तळघरांत दुरुस्तीचें दुकान आहे. तेथल्या मुलानें मागचे स्क्रू काढून आंतलें दाखविलें. "काका, दोन स्लॉट आहेत, दोन्हींत दोन-दोनच्या पट्ट्या. चार-चारच्या टाकूं?" त्यानें आधीं बॅटरी सोडविली, लोखंडी मांडणीस हात लावून अंगांतली वीज उतरविली, आणि दोन्ही बाजूंचे चिमटे सारतांच पट्टी आपणहून तिरपी उभी राहिली. नव्या पट्टीवरचा १.३५ व्होल्ट हा आंकडा त्यानें दोनदां वाचला. पट्टीला २०४ दांते आणि एक खांच. पुढच्या पिढीच्या पट्टीला २६० दांते आणि खांच दुसरीकडे, त्यामुळें भलतीच पट्टी बसूंच शकत नाहीं. हा विचारीपणा मला आवडला. अलीकडच्या चपट्या यंत्रांत मात्र ही पट्टी मुख्य पाटाला डाख देऊन कायमची बसवितात. यंत्र जन्मतांनाच त्याच्या फळ्याचें माप ठरवून टाकणें, हें मला कारागिराचें काम वाटत नाहीं, वाण्याचें वाटतें. डिस्कहि बदला, त्यानें अधिक फरक पडेल, असें मुलगा म्हणाला. तें खरें आहे, आणि तेंहि करून घेतलें. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड गणनगृहांनीं या पट्ट्यांचे भाव चढविल्याचें त्यानें ऐकविलें, तें मुकाट्यानें दिलें.

या पट्टीच्या पोटांतील युक्ति रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्यास १९६६ सालीं सुचली. पेटंट १९६८ चें. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक सूक्ष्म घट, एवढ्यांत एक चिन्ह. पण घट गळका. म्हणून चौसष्ट मिलिसेकंदांच्या आंत प्रत्येक ओळ वाचून पुन्हां भरावी लागते, सेकंदाला पंधरा वेळां. इंग्रजींत यास 'रिफ्रेश' म्हणतात. मला उजळणी याखेरीज दुसरा शब्द सुचत नाहीं. तिन्हीसांजेला नाना आम्हां भावंडांकडून परवचा म्हणवून घेत. पावकी, निमकी, दिडकी. ती गळती त्यांना ठाऊक होती. आजहि दिवा लागला कीं ते स्वतःशींच पावकी म्हणतात आणि कोठें अडत नाहींत. डॉक्टरांना विचारलें, नानांना कांहीं रिकामा स्लॉट आहे का, अशा अर्थाचेंच मीं विचारलें होतें. ते हंसले नाहींत. नव्यानें कांहीं बसविण्याजोगें नाहीं. जें आहे तें म्हणत राहूं द्या, म्हणाले.

यंत्र आतां आठ जी. बी.चें झालें आहे. नाना बोलतात तितक्या वेगानें अक्षरें उमटतात, आणि चहाविषयीं विचारून झालें कीं मी शेवटचें वाक्य त्यांना मोठ्यानें वाचून दाखवितों. "हां," म्हणतात, आणि पुढें सांगूं लागतात. काल पाणी लकडी पुलावर आलें. ओंकारेश्वराकडचें अजून लिहावयाचें आहे.