कै. रोमन अंक

गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवर पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरल्याची नोंद कोरलेली आहे. तारीख अक्षरी आहे, दोन डिसेंबर, ती कळते. सालापाशी मात्र वाचणारा अडतो. तिथे आहे एम, सी, एम, एक्स, आय. खाली फोटो काढणाऱ्या गर्दीत ते १९११ आहे हे फार थोड्यांना उमगत असेल. बाकीच्यांना ती नक्षीच. दिल्लीच्या इंडिया गेटवरही तसंच. एका बाजूला १९१४, दुसऱ्या बाजूला १९१९, दोन्ही रोमनमध्ये, आणि मध्ये इंडिया हा शब्द.

श्रद्धांजली लिहायची तर आधी कोण गेलं ते नीट सांगायला हवं. चिन्हं गेलेली नाहीत. ती दगडात आहेत, घड्याळात आहेत. गेलं आहे ते त्यांचं शिक्षण. पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हांचा धडा अजून आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. पण धड्याचा संसार मुख्यतः आय, व्ही आणि एक्स या तिघांवर चालतो. पन्नासचा एल, शंभराचा सी, पाचशेचा डी आणि हजाराचा एम यांची तोंडओळख झाली तर झाली. एवढ्या भांडवलावर गेटवेचं साल वाचता येत नाही.

पूर्वी ते पुरतं शिकवलं जायचं, आणि शिकण्यात एक मजा होती. नियम थोडे पण कडक. आय वजा होणार तो फक्त व्ही आणि एक्समधून. एक्स फक्त एल आणि सीमधून. सी फक्त डी आणि एममधून. व्ही, एल, डी कधी वजा व्हायचे नाहीत आणि सलग दोनदा यायचे नाहीत. त्यामुळे फळ्यावर ‘९९ लिही’ म्हटलं की निम्मा वर्ग आय-सी लिहून मोकळा व्हायचा आणि सर शांतपणे ते पुसायचे. नव्वद आधी, मग नऊ : एक्स-सी, आय-एक्स. १८८८ लिहायला तेरा अक्षरं लागतात, हा शोध लागला की मुलं हट्टाने तोच आकडा वहीभर लिहीत. साल वाचायचं म्हणजे मनात छोटी बेरीज-वजाबाकी करायची. आपले नेहमीचे आकडे वाचताना हे करावं लागत नाही.

रोमन अंकांवरचा सगळ्यात जुना आरोप असा की त्यांनी गणित करता येत नाही. गुणाकार करून दाखवा म्हणे. सदुसष्टला चोवीसने गुणा, एल-एक्स-व्ही-आय-आय खाली एक्स-एक्स-आय-व्ही मांडा आणि बघा काय होतं ते. हा आरोप भलत्याच माणसावर आहे. रोममध्ये हिशेब लिहून करायची पद्धतच नव्हती. हिशेब व्हायचा पाटावर, खड्यांनी. खिशात मावतील अशा ब्राँझच्या छोट्या हिशेब-पाट्याही सापडल्या आहेत. त्यांच्यात खाचा असतात. पूर्णांकांच्या प्रत्येक खाचेच्या खालच्या भागात चार मणी, वरच्या भागात एक. खालचा मणी एकाचा, वरचा पाचाचा. सात मांडायचे तर वरचा एक सरकवायचा आणि खालचे दोन. आता रोमन सात पाहा : एक व्ही, दोन आय. पाटीवर जे दिसतं तेच इथे लिहिलेलं! शेजारच्या खाचेत दहा आणि पन्नास, तिच्या शेजारी शंभर आणि पाचशे. या पद्धतीत चिन्हांची चालही एक, पाच, दहा, पन्नास अशीच आहे, आणि तिला शून्य लागलं नाही. रिकाम्या खाचेचं काय उतरवणार?

आपल्याकडे गल्लोगल्ली अबॅकसचे क्लास निघाले आहेत. तिथली जपानी चौकटही नेमकी वर एक, खाली चार अशीच. त्या क्लासला जाणारं पोर मणी सरकवून उत्तर काढतं, तेव्हा ते उत्तर रोमन अंकांत लिहायला त्याला फारसे कष्ट पडू नयेत. ही सांगड घालून रोमन अंक शिकवलेले मी कुठे पाहिले नाहीत. मला वाटतं, ते मरण पावण्याचं एक कारण इथेच आहे. हिशेबाच्या पाटाशिवाय ते शिकवले, आणि मग निरुपयोगी ठरवले.

दुसरी गंमत म्हणजे ज्या कडक नियमांसाठी आमची वही लाल झाली ते नियम रोमन लोकांचे नव्हतेच. कलोसियमच्या कमानींवर प्रेक्षकांसाठी दरवाज्यांचे क्रमांक कोरले होते. ऐंशी कमानी, त्यांतल्या शहात्तरांवर आकडे. आज २३ ते ५४ हे क्रमांक शाबूत आहेत. चव्वेचाळिसाव्या दरवाज्यावर आहे एक्स-एल आणि पुढे चार आय. एकाच आकड्यात चाळिसासाठी वजाबाकी केली आहे आणि चारासाठी केलेली नाही. चोपन्नलाही एलपुढे चार काठ्याच आहेत. आमच्या सरांनी दोन्हीला अर्धा गुण दिला असता, तोही दया म्हणून. पण त्या दगडासमोर आपली जागा शोधत आलेल्या हजारो माणसांचं त्या नियमांवाचून काही अडलं नाही. एका आकड्याचं एकच शुद्ध रूप ही शिस्त पुष्कळ नंतरची.

याहून नामी उदाहरण जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात आहे. मार्कुस काएलिउस हा अठराव्या लीजनचा, म्हणजे रोमन पलटणीचा, सेंच्युरियन हुद्द्याचा अधिकारी, गाव बोलोन्या. इसवी सन ९ मध्ये रोमन सेनापती वारुसच्या तीन लीजन जर्मानियाच्या जंगलात कापल्या गेल्या, त्यांत हा गेला. प्रेत मिळालं नाही. भावाने त्याच्या नावाने दगड उभा केला, त्यावर त्याची पदकं लावलेली अर्धप्रतिमा आहे आणि अस्थी सापडल्या तर इथे ठेवायला हरकत नाही अशा अर्थाची नोंद आहे. त्या दगडावर लीजनचा क्रमांक आहे एक्स-आय-आय-एक्स. दहा, मग दोन कमी दहा. शाळेच्या नियमाने साफ चूक. पण लॅटिन बोलणारा माणूस अठराला ‘वीसला दोन कमी’ असंच म्हणायचा, एकोणिसाला ‘वीसला एक कमी’. पाथरवटाने तोंडातला आकडा छिन्नीने उतरवला, इतकंच.

मराठी मुलाला हे समजावून सांगावं लागू नये. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी वजाबाकी तो पहिलीपासून तोंडाने करत असतो. इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणाऱ्या पोराला नऊसाठी आय-एक्स हा तर्क नवा असेल. आपल्याला तो घरचा आहे.

त्याच दगडावर काएलिउसचं वय दिलं आहे. एल-आय-आय-आय, आणि पुढे एस. एस म्हणजे अर्धा. साडेत्रेपन्न. रोमन अंकांत अपूर्णांक होते हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्याला एस आणि बाराव्या भागाला ठिपका, असा त्यांचा कारभार. एकाचे बारा भाग, जसे आपल्या रुपयाचे सोळा आणे. आपल्या जुन्या वह्यांतही पूर्णांकापुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वा, दोन म्हणजे साडे आणि तीन म्हणजे पाऊण. तीही लिहायची रीत गेलीच. तिला श्रद्धांजलीसुद्धा मिळाली नाही.

मोठ्या आकड्यांपुढे मात्र रोमन लेखनाची दमछाक व्हायची, हे कबूल करायला हवं. इसवी सनपूर्व २६० मध्ये रोमन सेनापती दुइलिउसने कार्थेजच्या आरमाराला हरवलं, त्याच्या विजयस्तंभाच्या लेखात लुटीचा हिशेब आहे. तिथे एक लाखाचं चिन्ह वीसहून अधिक वेळा एकापुढे एक कोरलं आहे. मोठं चिन्ह नव्हतं म्हणून असेल. माझा अंदाज, दुइलिउसला ती लांबण आवडतही असावी.

मग आले आपले आकडे. पिसाचा लिओनार्दो, म्हणजे फिबोनाची, वडिलांबरोबर आजच्या अल्जीरियातल्या बुजिया बंदरात राहिला, तिथे ते शिकला, आणि १२०२ मध्ये त्याने ‘लिबेर आबाची’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या नऊ आकड्यांना भारतीयांचे आकडे म्हटलं आहे. आज ज्या पाहुण्यांनी रोमन अंकांना घराबाहेर काढलं ते आपल्या घरचे. त्यामुळे ही श्रद्धांजली मराठीत लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं. मारेकऱ्याच्या भावकीने शोकसभेत भाषण करावं तसं.

पण लढाई एका दिवसात संपली नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ-पेढीवाल्यांच्या संघाने खातेवहीत नवे आकडे वापरायला बंदी केली. कारण व्यवहारी होतं : शून्याचा सहा करणं सोपं, आणि शेवटी एक शून्य वाढवलं की शंभराचे हजार. रोमन आकड्यात अशी लबाडी तितकी सहज खपत नाही. शेवटच्या आयला लांब शेपूट काढायची चाल हस्तलिखितांत दिसते, तीही आकडा इथे संपला हे दाखवायला. पुढे काठी वाढवायला जागा उरत नाही. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहायला लावणाऱ्या बँकांना फ्लॉरेन्सच्या सराफांचं दुखणं आजही कळेल.

‘लिबेर आबाची’नंतर तीनशे वर्षांनी निकाल लागला. १५०३ मध्ये छापलेल्या ग्रेगोर राइशच्या ‘मार्गारिता फिलोसोफिका’ या विश्वकोशवजा ग्रंथात एक लाकडी ठशाचं चित्र आहे. मध्ये अंकविद्या नावाची बाई उभी. एका बाजूला रोमन पंडित बोएथिउस नव्या आकड्यांनी गणित करतोय, चेहऱ्यावर समाधान. दुसऱ्या बाजूला पायथागोरस हिशेबाच्या पाटावर खडे मांडून बसलाय, चेहरा पडलेला. खरं तर दोघांनाही उगीच ओढलं आहे. बोएथिउसला भारतीय आकडे शिकवल्याचं श्रेय त्या काळात चुकून मिळालं होतं. पण हरलेल्याचा चेहरा चित्रकाराने अचूक काढलाय. पाट गेला, आणि पाटाचा लेखनिक उघड्यावर पडला.

त्यानंतरची चारशे-पाचशे वर्षं रोमन अंक मानाची पेन्शन खात होते. राजांची नावं, पोपची नावं, पुस्तकांच्या प्रस्तावनेची पानं, नाटकाचे अंक, घड्याळाच्या तबकड्या. घड्याळावर चारसाठी चार काठ्या का, याच्या अनेक कथा आहेत आणि मला त्यांतली एकही पटत नाही. कलोसियमवर चार काठ्या चालत होत्या, तर घड्याळावर चालायला काय हरकत होती? लंडनच्या बिग बेनवर मात्र आय-व्ही आहे. आपल्याकडेही इंग्रजी शाळांच्या वह्यांवरच्या लेबलात इयत्ता रोमनमध्ये घालायची रीत होती. मराठीला या सगळ्याची गरज कधीच पडली नाही. दुसऱ्या बाजीरावाला नावापुढे दोन काठ्या लागल्या नाहीत, आणि इतिहासाच्या पुस्तकात चौदावा लुई चौदावाच होता.

आता पेन्शनही बंद होत चालली आहे. रसायनशास्त्राच्या आवर्त सारणीत गणांना रोमन अंक आणि त्यापुढे ए किंवा बी असं असायचं. तीन-ए म्हणजे अमेरिकेत बोरॉनचा गण आणि युरोपात स्कँडियमचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो घोळ मिटवून १ ते १८ असे सरळ क्रमांक दिले. हे योग्यच झालं. अमेरिकन फुटबॉलची सुपर बोल ही अंतिम लढत दरवर्षी रोमन क्रमांकाने ओळखली जाते, पण २०१६ मध्ये पन्नासावी आली तेव्हा नुसता एल एकटा बरा दिसेना, म्हणून त्या वर्षापुरतं ५० केलं. पॅरिसचं कार्नाव्हाले संग्रहालय २०२१ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलं, तेव्हा काही माहितीफलकांवर राजांच्या नावांतले रोमन अंक काढून साधे घातले होते, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. इटलीत त्यावर बरीच आरडाओरड झाली. माझा कल संग्रहालयाकडे आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला अडवून जुन्या गोष्टीचा मान राहत नाही. मान राखायचा तर ती शिकवावी लागते, आणि ते काम फलकाचं नव्हे.

कै. रोमन अंकांच्या पश्चात काही तबकड्या, इंग्लंडचे तिसरे चार्ल्स, २०२५ मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ, ऑलिंपिक, लोहाच्या संयुगांच्या नावांतले कंस, प्रश्नपत्रिकेतले उपप्रश्न आणि काही बीबीसी कार्यक्रमांच्या शेवटी सरकन निघून जाणारं निर्मितीचं साल, असा परिवार आहे.

आणि एक्सेल. त्यात रोमन नावाचं सूत्र आहे; खणात आकडा द्यायचा, रोमन रूप तयार. १ ते ३९९९ पर्यंतच चालतं, पुढे मागाल तर चूक दाखवतं. त्याला एक जादा पर्याय आहे, उत्तर किती आखूड हवं ते सांगायचा. ४९९ दिलं तर शाळेचं सी-डी-एक्स-सी-आय-एक्स येतं, आणि पर्याय बदलत गेलं की आखडत आखडत नुसतं आय-डी उरतं, म्हणजे पाचशेला एक कमी. ज्यासाठी सर फळा पुसायचे ते उत्तर यंत्र बिनदिक्कत देतं, आणि अठराव्या लीजनच्या पाथरवटालाही ते पटलं असतं. पण त्याच खणात साडेत्रेपन्न टाकून पाहा. एल-आय-आय-आय येतं. त्याला एस माहीत नाही. काएलिउसचं अर्धं वर्ष ते टाकून देतं.