जलसमाधी

राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुकुटाला वारस मिळतो. त्याच्या आवडीला मिळेलच असे नाही. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी निवर्तला, तेव्हा त्याच्यामागे साम्राज्याबरोबरच ‘ब्रिटानिया’ नावाची एक शिडाची शर्यती नौकाही उरली. साम्राज्य कोणाकडे जाणार हे ठरलेले होते. नौकेने मात्र आपल्यापाठोपाठ जावे, अशी राजाची अंतिम इच्छा होती.

ही नौका मुळात त्याच्या पित्याची. युवराज असताना एडवर्डने ती बांधवून घेतली. आराखडा जॉर्ज लेनक्स वॉटसनचा आणि बांधणी ग्लासगोजवळ क्लाइड नदीकाठच्या हेंडरसन यांच्या गोदीतली. पोलादी फासळ्यांवर लाकडी फळ्या बसवून घडविलेली ही एका डोलकाठीची नौका १८९३ मध्ये पाण्यात उतरली. त्याच गोदीत, त्याच वॉटसनच्या हातची ‘व्हॅल्किरी दुसरी’ ही नौका लॉर्ड डनरेव्हनसाठी घडत होती. या दोन बहिणींपैकी एकीचे आयुष्य अल्प ठरले. १८९४ मध्ये शर्यतीच्या आरंभीच दुसऱ्या नौकेची धडक बसून ‘व्हॅल्किरी’ क्लाइडमध्येच बुडाली. ‘ब्रिटानिया’ने मात्र पहिल्याच हंगामात ४३ शर्यतींपैकी ३३ जिंकल्या होत्या.

पण यशाचे सुख मालकाला फार काळ पचले नाही. एडवर्डचा भाचा, जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म, याने त्याच वॉटसनकडून ‘मेटिओर दुसरी’ ही अधिक मोठी नौका बांधवून घेतली. १८९६ मध्ये ती ‘ब्रिटानिया’ला मागे टाकू लागली. मामा-भाच्याच्या या चढाओढीत काउजच्या समुद्रावर राजकारणाचे वारे वाहू लागले आणि १८९७ मध्ये एडवर्डने नौका विकून टाकली. पुढे तिची मालकी अनेकदा बदलली आणि अखेर ती राजघराण्यात परतली.

जॉर्जचे प्रेम वेगळ्या जातीचे होते. तरुणपणी नौदलात वाढलेल्या या राजाला दरबारापेक्षा डेकवर मोकळे वाटे. पहिल्या महायुद्धानंतर त्याने जुन्या ‘ब्रिटानिया’ला पुन्हा शर्यतींत उतरविले. सुकाणू बहुधा सर फिलिप हनलोक यांच्या हाती असे. दोरखंड ओढणारे हात मात्र व्यावसायिक खलाशांचे. अशा नौकांवर एसेक्सच्या किनाऱ्यावरचे कितीतरी कोळी उन्हाळ्यात राबत आणि हिवाळ्यात पुन्हा आपल्या जाळ्यांकडे वळत. काळ बदलला, तशी नौकाही बदलत गेली. १९३१ मध्ये तिचे जुने चौकोनी शीड जाऊन उंच डोलकाठीवर नवे त्रिकोणी शीड चढले. अडतीस वर्षांची असताना तिला पहिल्या तरुणपणी ठाऊक नसलेला वेष धारण करावा लागला. १९३५ हा तिचा शेवटचा हंगाम. एकूण ६३५ शर्यती, त्यांत २३१ वेळा पहिला क्रमांक.

राजा गेल्यावर तिच्या डोलकाठ्या, शिडे, साजसामान उतरविण्यात आले. १० जुलै १९३६ रोजी तिचा उघडा सांगाडा आइल ऑफ वाइट बेटाच्या दक्षिणेस, सेंट कॅथरिन भूशिराजवळच्या खोल पाण्यात ओढून नेला गेला, आणि तेथे ‘विंचेस्टर’ या नौदलाच्या विनाशिकेने तो बुडविला. राजाज्ञेचे पालन झाले.

या घटनेला मराठीत सहज ‘जलसमाधी’ म्हटले जाईल. पण समाधी घेणारा ती आपल्या इच्छेने घेतो. येथे इच्छा एकाची होती आणि बुडाले दुसरेच. ‘सहगमन’ म्हणावे, तर त्या शब्दामागे चितेवर चढविलेल्यांचे मूक इतिहास उभे राहतात. नौकेला प्राण नाही हे खरे. पण ज्यांनी तिच्या फळ्या जुळविल्या, ज्यांचे हात तिच्या दोरखंडांनी सोलले, त्यांचे काही त्या सांगाड्यात नव्हते काय?

तिच्याबरोबर धावलेल्या ‘शॅमरॉक पाचवी’ आणि ‘एन्डेव्हर’ या नौकांच्या वाट्याला असे उत्कट प्रेम आले नाही. त्यांपैकी एकीला हेळसांड भोगावी लागली. १९३४ ची ‘एन्डेव्हर’ तर मेदिना नदीच्या गाळात रुतून बसली होती. पण गाळातून वर काढता येते. १९८० च्या दशकात एलिझाबेथ मेयर या अमेरिकन स्त्रीने तिची पुनर्बांधणी हाती घेतली आणि १९८९ मध्ये ‘एन्डेव्हर’ पुन्हा शिडे उभारून निघाली.

‘ब्रिटानिया’च्या चरित्रातील विसंगती हीच की, ज्याने तिला विकले त्याच्या हातून ती वाचली, आणि ज्याने तिच्यावर जिवापाड प्रेम केले त्याच्या शब्दाखातर ती बुडाली. पित्याला ती सोडता आली. पुत्राला मात्र मृत्यूनंतरही सोडता आली नाही.