तांबडे पाणी

जपानच्या नकाशाकडे पाहिले म्हणजे होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन मोठ्या बेटांच्या मध्ये एक चिंचोळा समुद्र पहुडलेला दिसतो. त्याचे नाव सेतो. पूर्व-पश्चिम सुमारे ४५० किलोमीटर लांबीच्या या समुद्राची सरासरी खोली ४० मीटरही भरत नाही. त्यात शेकडो हिरवीगार बेटे विखुरलेली आहेत. या सृष्टिसौंदर्यामुळेच १९३४ साली जपानच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांत त्याला स्थान मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या त्याने काठच्या कोळ्यांना पोटभर मासळी दिली. १९२८ साली वासाबुरो नोआमी नावाच्या एका उद्योगी तरुणाने याच समुद्राकाठी, हिकेता येथे, हामाची जातीचे मासे कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात वाढवून दाखवले. पिकाप्रमाणे मासळीचीही जोपासना करता येते, हे त्याने सिद्ध केले.

समुद्रातील साऱ्या जीवसृष्टीचे अन्न कोठून येते? पाण्यात साध्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म शैवाले तरंगत असतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ती आपले अन्न तयार करतात. त्यांच्यावर बारीक जलचर जगतात, त्या जलचरांवर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे. शेतातील पिकाप्रमाणेच या शैवालांनाही नत्र आणि स्फुरद ही खते लागतात. नद्या ती डोंगरांतून आणि शेतांतून वाहून आणतात. नद्यांचे हे देणे बेताचे असते, तोवर समुद्र निरोगी राहतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हा बेत बिघडला. सेतोच्या काठी पोलादाचे व रसायनांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. शहरे फुगली. कारखान्यांचे आणि घराघरांतील सांडपाणी समुद्रात येऊ लागले. बाहेरच्या महासागराकडे जाण्याच्या वाटा अरुंद असल्यामुळे ही घाण लवकर वाहून जाईना. नत्र आणि स्फुरद यांचा सुकाळ झाला आणि शैवाले बेसुमार वाढू लागली. कोठे पाणी तांबडे दिसे, तर कोठे तपकिरी. जपानी लोक याला 'अकाशिओ', म्हणजे 'तांबडी भरती', म्हणतात. 'अति तेथे माती' ही आपली म्हण समुद्राच्या बाबतीतही खरी ठरली.

१९७२ च्या उन्हाळ्यात सेतोच्या पूर्वेकडील हारिमा-नादा या भागात चाटोनेला नावाचे शैवाल उसळले. हा जीव एकाच पेशीचा असून मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा असतो. थंडीत तो बीजरूपाने तळाच्या गाळात निजून राहतो आणि पाणी तापले की जागा होतो. त्याच्यामुळे माशांच्या कल्ल्यांना इजा होते. मग सभोवती पाणी असूनही माशाला प्राणवायू घेता येत नाही आणि तो गुदमरून मरतो. मोकळ्या पाण्यातील मासा निदान दूर पळू शकतो. जाळीच्या पिंजऱ्यातील हामाचींना पळायला वाटच नव्हती. त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी ४० लाख हामाची मेले आणि सुमारे ७१० कोटी येनांचे नुकसान झाले. ज्यांनी त्यांना रोज आपल्या हातांनी चारा घातला होता, त्यांच्यावर ते मेलेले मासे उपसण्याची वेळ आली. पाणी घाण करणारे अनेक होते. पण त्याचे फळ मात्र कोळ्यांच्या पदरी पडले.

या आघाताने जपान जागा झाला. १९७३ साली सेतो समुद्राच्या रक्षणासाठी खास कायदा करण्यात आला. कारखान्यांनी आपली घाण तीन वर्षांत निम्म्यावर आणावी, असे त्यात ठरले. १९७८ साली हा कायदा कायम झाला आणि पुढे स्फुरदावरही नियंत्रण आले. सुधारणा एका दिवसात झाली नाही. १९७६ साली तर तांबड्या भरतीच्या २९९ घटना नोंदल्या गेल्या. परंतु प्रयत्न चालू राहिले आणि १९९० नंतरच्या दशकात ही संख्या वर्षाला शंभराच्या आसपास आली.

येथे गोष्ट संपावी, असे कोणासही वाटेल. पण निसर्गाचा हिशेब इतका सोपा नसतो. पाणी निवळले, तशी त्यातील नत्राची उणीव जाणवू लागली. या समुद्रात हिवाळ्यात नोरी नावाच्या समुद्रशैवालाची लागवड होते. ते सुकवून कागदासारखे पातळ करतात आणि भाताभोवती गुंडाळून खातात. त्याचा गडद रंग फिका पडू लागला. फिक्या नोरीला बाजारात भाव कोठून मिळणार? तेव्हा २०२१ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली आणि गरजेपुरते पोषण समुद्राला मिळू देण्याची सोय करण्यात आली. ह्योगो प्रांतातील सांडपाणी शुद्ध करणारी काही केंद्रे आता हिवाळ्यात थोडे नत्र पाण्यात राहू देतात. तेथील आवाजी बेटावर तर कोळी शेतकऱ्यांच्या मदतीला जातात. दोघे मिळून सिंचनाच्या जुन्या तळ्यांतील गाळ ढवळतात आणि ते कसदार पाणी समुद्राकडे सोडतात. तळे स्वच्छ झाल्याने शेतकऱ्याचे काम होते आणि कोळ्याच्या नोरीला खत मिळते.

समुद्राला उपासही सोसत नाही आणि अजीर्णही सोसत नाही. त्याला काय द्यावे आणि किती द्यावे, याचे भान माणसाने ठेवले पाहिजे. सेतोच्या काठचे लोक हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकले. चिखलात पाय रोवून शेजारीशेजारी उभे असलेले तेथील कोळी आणि शेतकरी आज तो आचरणात आणीत आहेत.