हर्टबर्नचा वॉशिंग्टन झाला

सुंदरलँडहून बसने निघालो. निसानचा अवाढव्य कारखाना मागे पडला, मग 1964 नंतर वसवलेल्या नव्या शहराची एकसारखी घरं आणि वळसे घेणारे चौक. जुनं वॉशिंग्टन गाव टेकाडावरच्या चर्चच्या आडोशाला आहे. शेजारीच तो दगडी वाडा, वॉशिंग्टन ओल्ड हॉल.

बाराव्या शतकात इथं विल्यम डी हर्टबर्न राहायला आला. डरहॅमच्या बिशपांच्या 1183 च्या जमीनदप्तरात, म्हणजे बोल्डन बुकात, त्याची नोंद आहे. हर्टबर्न सोडून बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, वर्षाचा सारा 4 पौंड, शिवाय बिशपांच्या मोठ्या शिकारीला 4 शिकारी कुत्री घेऊन हजर राहायचं. कुत्र्यांची अट मला फार आवडली. आपल्याकडे वाई सोडून गेलेला माणूस वाईकर होतो. या गड्यानं उलटंच केलं. नव्या गावाचं नाव लावलं आणि हर्टबर्न पुसून टाकलं.

आजचा वाडा बहुतांशी सतराव्या शतकातला. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या कमानी तेवढ्या मध्ययुगीन. कमानीच्या दगडावरून हात फिरवला. खरखरीत, गार. भिंतीवर घराण्याचं चिन्ह: पांढऱ्यावर दोन तांबडे पट्टे, वर तीन तांबडे तारे. वॉशिंग्टन डी.सी.च्या झेंड्यावर तेच आहे. एवढं असूनही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाड्यात दाटीवाटीनं भाडेकरू राहत होते, आणि 1936 मध्ये तो पाडायचाच घाट होता. एका स्थानिक शिक्षकानं धडपड करून वाचवला.

घराण्याची एक शाखा दक्षिणेकडे गेली. तिच्यातला जॉन तंबाखूच्या जहाजावरून व्हर्जिनियाला पोचला. 1657 मध्ये परतीला निघताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि हा तिथंच राहिला, लग्न करून. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचा हा पणजोबा.

जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं, तरी आडनाव पुढं चालत राहिलं. माहितीफलक जॉर्जवरच रेंगाळतात. मला मात्र अमेरिकेतला कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर आठवत होता. गुलामगिरीत जन्मलेल्या त्या पोराला शाळेत हजेरीच्या वेळी कळलं की इतरांना दोन-दोन नावं आहेत. पाळी आली तेव्हा त्यानं बेधडक सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. सावत्र बापाचं नाव वॉशिंग्टन होतं, तेच आडनाव म्हणून लावलं. 2000 च्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव लावणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक कृष्णवर्णीय होते.