खालच्या पापणीचा रंग

आपल्या मराठीत शेळीला मान असा कधी मिळालाच नाही. भित्र्या माणसाला आपण शेळपट म्हणतो, दुसऱ्यासाठी उगाच अडकलेल्याला बळीचा बकरा. 'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' ही म्हण तर कुठल्याही घरात महिन्यातून एकदा ऐकू येते. संस्कृतातही तेच. तिच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन मांसल गोंड्यांवरून 'अजागलस्तन' हा शब्द आला, आणि त्याचा अर्थ काय, तर काहीही उपयोग नसलेली वस्तू!

गेल्या पावसाळ्यापासून मी मात्र शेळ्यांवरचं संशोधन मिळेल तिथून वाचते आहे. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. शेळीशी माझा संबंध आला तो आमच्या घरी बारा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या अम्मांमुळे. अम्मा मुरारच्या पुढे, शहर संपून शेतं सुरू होतात तिथे राहतात. त्यांच्याकडे आठ बकऱ्या होत्या. आपल्याकडे अडीअडचणीला एफडी मोडतात, अम्मांकडे बकरी विकतात. घरावरचा पत्रा एका बोकडाचा, धाकट्या मुलीची बी. एस्सी.ची पहिल्या वर्षाची फी दोन बकऱ्यांची. गेल्या ऑगस्टमध्ये दहा दिवसांत त्यांच्या दोन बकऱ्या गेल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत चरत होत्या, फक्त जबड्याखाली पाण्याची पिशवी धरल्यासारखी सूज होती. पोळ्या लाटता लाटता अम्मा एवढंच म्हणाल्या, "बिटिया, बकरी बीमार नहीं पड़ती, सीधे मरती है."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी वाचायला लागले तेव्हा कळलं, की अम्मांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. शेळी मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात जी लंगडते, मागे पडते, तिच्यावर लांडग्याची नजर आधी जाते. त्यामुळे दुखणं न दाखवणं तिच्या अंगातच मुरलेलं आहे. तिचे डोळेसुद्धा त्याच भीतीतून घडलेत. शेळीची बाहुली आपल्यासारखी गोल नसते, आडवी असते, पैशाच्या डब्याच्या फटीसारखी. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक प्राण्यांच्या बाहुल्या तपासून याचं कारण मांडलं. आडव्या फटीतून जमिनीलगतचा चहूकडचा पट्टा स्पष्ट दिसतो आणि वरून येणारा झगझगीत उजेड कमी आत येतो. पण चरताना मान खाली गेली की ही फट उभी व्हायला हवी ना? होत नाही. शेळीचा डोळा खोबणीत ५० अंशांहून अधिक फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. म्हणजे तोंड गवतात असलं तरी लक्ष क्षितिजावर असतं.

आणखी एक प्रयोग मला फार आवडला. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. शेळ्यांना एका डब्याचं झाकण सारून आतला खाऊ काढायला शिकवलं. शेवटच्या खेपेला झाकण पक्कं बसवून टाकलं. धडपड करूनही ते निघेना, तेव्हा शेळ्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, मग डब्याकडे, पुन्हा माणसाकडे. तो माणूस पाठ करून उभा असेल तर त्या कमी बघत, त्यांच्याकडे तोंड असेल तर जास्त वेळ बघत. कुत्र्याबद्दल आपल्याला याचं नवल वाटत नाही. शेळी मदत मागते हे मात्र कुणी तपासूनच पाहिलं नव्हतं. मी हे अम्मांना सांगितलं तर त्या हसल्या. "इसमें पढ़ने का क्या है? हमारी तो रोज देखती है."

आता मूळ प्रश्न. दुखणं लपवणाऱ्या या प्राण्याच्या पोटात काय चाललंय हे बाहेरून कसं ओळखायचं? त्याचंही उत्तर डोळ्यातच आहे, पण बाहुलीत नाही, खालच्या पापणीच्या आत.

पावसाळ्यात शेळ्या मारणाऱ्यांपैकी एक मोठा शत्रू म्हणजे हिमॉन्कस नावाचा जंत. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यांतल्या चौथ्या कप्प्यात तो राहतो. मादी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची. रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पीळ, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण एका शेळीत हजार जंत असणं विशेष नाही, आणि हजारांचे झाले रोजचे ५० मिलिलिटर. २० किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं सव्वा ते दीड लिटर. म्हणजे चार आठवड्यांत तिच्या अंगातल्या सगळ्या रक्ताएवढं हे जंत पिऊन टाकतात. शरीर नवं रक्त बनवत राहतं म्हणून ती उभी असते. रक्तातली प्रथिनं घटली की जबड्याखाली पाणी साठतं. तीच ती अम्मांनी पाहिलेली सूज.

एकेक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंड्यांतून जमिनीवर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की फुटतात आणि अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी चढून बसतात. दुसरी शेळी ते गवत खाते, आणि तीन आठवड्यांत तिच्या पोटात नवी पिढी अंडी घालू लागते. जुलै ते सप्टेंबरमधला आपल्या ग्वाल्हेरचा मोकळा प्लॉट म्हणजे या अळ्यांची बागच.

यावर अम्मांच्या वस्तीतला उपाय सरसकट होता. पावसाच्या तोंडावर दुकानातून जंताच्या औषधाची बाटली आणायची आणि लहान-मोठ्या सगळ्यांना एकेक झाकण पाजायचं. जगभर वर्षानुवर्षं असंच चाललं, आणि त्याचा परिणाम आपण अँटिबायोटिकच्या बाबतीत ऐकतो तोच झाला. औषधाने मरणारे जंत मेले, न मरणारे उरले, आणि पुढची पिढी फक्त त्यांची. त्यात शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीच्या मापाने दिलेला डोस तिला कमीच पडतो, आणि अर्धवट डोस म्हणजे जंतांना दिलेली शिकवणीच. बाटल्या वाढत गेल्या आणि गुण कमी होत गेला.

या कोंडीतून वाट काढली दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी. नव्वदच्या दशकात फाफा मलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मेंढ्यांसाठी एक कार्ड तयार केलं, पुढे ते शेळ्यांवरही तपासून पाहिलं गेलं. मलान यांच्याच नावावरून त्याला फामाचा म्हणतात. कार्डावर पाच रंग, गडद लालपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत. शेळीची खालची पापणी अंगठ्याने ओढायची, आतला रंग उजेडात कार्डाशी ताडून पाहायचा. एक आणि दोन नंबर म्हणजे ठीक. चार आणि पाच म्हणजे रक्त आटलंय, औषध लगेच हवं. तीन नंबरला विचार करायचा. करडू असेल, गाभण किंवा दुभती असेल तर औषध दिलेलं बरं.

गंमत ही, की कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. मग औषध त्या थोड्यांनाच द्यायचं. बाकीच्यांना मुद्दाम द्यायचं नाही. त्यांच्या पोटातले जंत अजून औषधाला दाद देणारे असतात. त्यांची अंडी कुरणात पडत राहतात, आणि औषधाला पुरून उरलेले मूठभर हट्टी जंत त्या गर्दीत हरवून जातात. थोडे जंत जगू द्यायचे, म्हणजे गरजेच्या वेळी औषध चालेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं, पण जसा विचार करत गेले तसं पटत गेलं.

व्यवसायाच्या सवयीने माझ्या मनात लगेच आलं, की यावर मोबाइल ॲप करावं. तसे प्रयत्न झालेही आहेत. पण ऊन, सावली, फोनचा कॅमेरा, प्रत्येकाने रंग वेगळा येतो. मूळ कार्डाचंही तेच. त्याची रंगीत झेरॉक्स चालत नाही आणि स्क्रीनवरचं चित्र तर नाहीच. छापील कार्ड हवं आणि ते वापरायला कुणीतरी शिकवायला हवं.

म्हणून एका शनिवारी अम्मा आणि मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना भेटलो. त्या स्वतः वस्तीवर आल्या. उरलेल्या सहा बकऱ्यांपैकी दोघींची पापणी कागदासारखी, पिलांना पाजणाऱ्या एकीची तीन नंबरची, आणि तिघींची छान लाल. वजन करून तिघींना औषध दिलं. अम्मा अस्वस्थ झाल्या. "और बाकी तीन? उनका क्या कसूर?" मॅडमनी त्यांना हात धरून लाल पापणी आणि पांढरी पापणी शेजारी शेजारी दाखवली आणि म्हणाल्या, "जिसको भूख नहीं, उसको रोटी ठूँसोगी क्या?" अम्मा गप्प झाल्या, पण पटलेलं दिसलं नाही. पांढऱ्या पापणीच्या दोघींपैकी एक चौथ्या दिवशी गेलीच. दुसरी मात्र वाचली, आणि औषध न दिलेल्या तिघींना काही झालं नाही. त्यानंतर पटलं.

मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली ती चाऱ्याची. शेळी ही मुळात गवत चरणारी नव्हेच, मान उंच करून, मागच्या पायांवर उभं राहून झाडाचा पाला ओरबाडणारी. वरचा पाला खाणाऱ्या शेळीच्या तोंडात जमिनीलगतच्या अळ्या कमी जातात. या जंतांशी लढायची ताकद मेंढीइतकी तिच्यात तयार झाली नाही, त्याचं कारणही हेच मानतात. याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. यमुना आणि चंबळच्या मधल्या बीहडांतली, इटावाच्या चकरनगर भागातली जमुनापारी. उंच, पांढरी, पोपटासारख्या नाकाची, लांब लोंबत्या कानांची. तिचं रक्त इंग्लंडच्या अँग्लो-न्यूबियन जातीत आहे आणि इंडोनेशियात तिच्या संकरित वंशाला आजही एटावा याच नावाने ओळखतात. बीहडातल्या बाभळी-बोरींवर ती वाढली. तिला शहरातल्या गवताच्या तुकड्यावर बांधून भागत नाही. शहराला छोटी, उभ्या कानांची बरबरी जास्त सोसते, कारण ती दावणीला बांधूनही वाढते आणि बरेचदा जुळी करडं देते. मथुरा-वृंदावनला जाताना आग्र्यापुढे फरह लागतं. तिथल्या मखदूम गावात १९७९ पासून केंद्र सरकारची शेळी संशोधन संस्था आहे. या दोन्ही जाती जपण्याचं आणि सुधारण्याचं काम तिथे चालतं. किती वेळा आपण त्या रस्त्याने गेलो असू!

अम्मांनी आता गवतावर सकाळी दव असेपर्यंत बकऱ्या सोडणं बंद केलंय. लिंब, बोर, सुबाभूळ यांच्या डहाळ्या दोरीने उंच टांगतात. बाभळीसारख्या पाल्यातल्या टॅनिनमुळे जंतांचा जोर कमी होतो, असंही बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४.८९ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांतल्या १.१ कोटी आपल्या मध्य प्रदेशात. त्यांतल्या कितीतरी अम्मांसारख्यांच्या दारात दोन-चारच्या संख्येने बांधलेल्या आहेत. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, दूध-भाजी आणणाऱ्या कुणाकडे शेळ्या असतील तर दोन गोष्टी जरूर सांगा. एक, पीपीआर या विषाणूच्या आजाराची लस. ती आपल्याच देशात, भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तयार झाली आहे, आणि एका टोचणीने किमान तीन वर्षं संरक्षण मिळतं. डोळ्या-नाकातून चिकट स्राव, ताप आणि हगवण अशी लक्षणं एकदम अनेक जनावरांत दिसली तर तो जंत नव्हे, दवाखान्यात लगेच कळवायला हवं. दुसरी, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शेळीची पापणी.

अम्मांची मुलगी एका वहीत हे टिपून ठेवते. बकरीला एक रकाना, तारीख आणि नंबर. त्या वहीवरून एक गोष्ट लक्षात आली. एक ठेंगणी, काळसर बकरी सबंध पावसाळाभर एक-दोन नंबरच्या पुढे गेली नाही. दूध बेताचं, रूप तर नाहीच. दिवाळीत विकायच्या यादीत तिचंच नाव पहिलं होतं. पण जंत सोसायची ताकद बऱ्याच अंशी पिलांत उतरते. अम्मांनी विकली ती दुसरी. ठेंगणी घरीच आहे, आणि होळीच्या सुमारास तिला दोन पाटी झाल्या आहेत.