डावा पाय आणि 140 वॅट

पार्सल उघडले तेव्हा सौ. शेजारी बसून वाल सोलत होती. खोक्यातून निघाला सायकलचा क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसते तो दांडा. तोही एकच, डावीकडचा.

"जुना मोडला का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'चे उत्तर सोपे नव्हते. 2023 मध्ये माझी बायपास झाली. त्याआधी वीस वर्षे बेळगावच्या चारी दिशांना सायकल चालवली होती. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली, पण अट घालून. पूर्वी मी छातीला पट्टा बांधून नाडीचे ठोके बघत असे. आता रोज बीटा ब्लॉकरची गोळी होती. ही गोळी ठोके वाढूच देत नाही. शरीर मरणाचे कष्ट करत असले तरी नाडी आपली शांत! फिजिओथेरपीच्या केंद्रातल्या बैठ्या सायकलवर मात्र वॅट दिसत. तिथेच माझी मर्यादा ठरली, तूर्त 140 वॅट. रस्त्यावर ते वॅट दिसायला हवेत म्हणून हा पॉवर मीटर. किंमत मी घरात अजून खरी सांगितलेली नाही.

जर्मनीच्या उलरिश शोबेरर या अभियंत्याने 1980 च्या दशकात असा मीटर सायकलीवर आणला. तेव्हा ती शर्यतवाल्यांची चैन होती. तत्त्व मात्र आमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातले. आपण पायडल दाबतो तेव्हा धातूचा क्रँक किंचित वाकतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. त्यावर चिकटवलेली बारीक पट्टी ताणली गेली की तिचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून जोर कळतो. मिनिटाला किती फेरे झाले हे दुसरा सेन्सर सांगतो. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलेले सूत्र स्वतःच्या पायाला बांधायची वेळ निवृत्तीनंतर आली.

पायडलमध्येच बसणारे मीटरही मिळतात. पण त्यांच्याबरोबर बहुधा बूट पायडलला अडकवावे लागतात. पडताना पाय सुटला नाही तर? छातीचे हाड तारेने शिवलेल्या माणसाने असले धाडस करू नये. म्हणून क्रँकचा मीटर घेतला आणि पायडल जुनेच, सपाट ठेवले.

ते पायडल जुन्या क्रँकवरून काढताना मी अर्धा तास झटापट केली. पाना फिरवावा तसे ते जास्तच घट्ट. शेवटी सायकल ओढत दुकानात नेली. मिस्त्री हसला. "सर, डावीकडचं उलटं असतंय बघा. तुम्ही सोडवतोय म्हणून आवळत बसलाय." डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, नाही तर चालवता चालवता ते आपोआप सैल होईल. विज्ञानाच्या मास्तराला हे माहीत असायला हवे होते. मिस्त्रीने आट्यांना ग्रीस लावले, नवा क्रँक चढवला, टोपी हलकेच आवळली आणि मग दोन बोल्ट एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे घट्ट केले. एकच बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा, असे करायचे नाही. किती आवळायचे तेही क्रँकवर लिहिलेले होते, 12 ते 14 न्यूटन मीटर. त्यासाठी जोर मोजणारा पाना लागतो आणि तो त्याच्याकडे होता.

पुढचे काम बेंगळुरूहून आलेल्या पुतण्याने केले. हँडलवरच्या छोट्या कॉम्प्युटरला मीटर जोडला. "काका, क्रँकची लांबी?" आतल्या बाजूला 170 कोरलेले होते. कॉम्प्युटरने आपल्या मनाने 172.5 धरले होते, ते दुरुस्त केले. मग शून्य लावणे. सायकल उभी, डावा क्रँक सरळ खाली, पायडलवर पाय नाही, आणि कॉम्प्युटरवर कॅलिब्रेशनचे बटण. तराजूत माल टाकण्याआधी वाणी काटा बघतो, तसेच हे. थंडी-उन्हाने धातूत फरक पडतो, म्हणून निघण्याआधी हे रोज करायचे. पहिल्या दिवशी आकडा नुसता नाचत होता. 90, 210, 60! पुतण्याने तीन सेकंदांची सरासरी दाखवायला लावले, तेव्हा तो माणसात आला.

सपाट रस्त्यावर मी 75-80 वॅट काढत होतो. "म्हणजे आपल्या माजघरातला पंखा," सौ. म्हणाली. "एवढ्यासाठी एवढा खर्च?"

तीन आठवडे मजेत गेले. पहाटे वडगावहून येळ्ळूरच्या रस्त्याला लागायचे, दोन्ही बाजूंना भाताची शेते, आणि पुढे राजहंसगडाचा चढ. चढावर डोळा आकड्यावर. 140 च्या आत राहिलो की स्वतःलाच शाबासकी.

खटकत एकच होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले होते की व्यायाम करताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. एके सकाळी बरोबरच्या मित्राने काहीतरी विचारले आणि मला 'हो'सुद्धा धड म्हणता येईना. आकडा 134. मी श्वासावर नाही, आकड्यावर विश्वास ठेवला.

घरी येऊन मात्र वही काढली. मी, सायकल, पाण्याची बाटली मिळून 85 किलो. चढाच्या एका टप्प्यात कॉम्प्युटरने 60 मीटर उंची आणि बरोबर सहा मिनिटे नोंदवली होती. 85 गुणिले 9.8 गुणिले 60, म्हणजे जवळजवळ 50 हजार ज्यूल. भागिले 360 सेकंद. उत्तर 139 वॅट! आणि हे नुसते वजन वर उचलण्याचे. चाकांचे घर्षण आणि वारा यांचे 20 धरले तर 160 च्या आसपास. मीटर म्हणतो 134. गुरुत्वाकर्षण खोटे बोलत नाही.

रात्री पुतण्याला फोन केला. "काका, तुमचा मीटर एकाच बाजूचा आहे ना? तो डाव्या पायाचे मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. उजवा पाय तेवढेच काम करतो असं धरून."

मी लेंगा वर केला. घोट्यापासून मांडीपर्यंत लांब व्रण. बायपाससाठी शीर काढली ती डाव्याच पायातली! ऑपरेशननंतर कित्येक महिने तो पाय बधिर होता, सुजायचा. त्याला जपत जपत मी सगळा भार उजव्यावर टाकायला शिकलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. 134 चे निम्मे, 67, डाव्याचे. उरलेले 93 उजव्याचे. तीन आठवडे 140 समजून मी 165 च्या पुढे जात होतो.

दोन दिवस घरात बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सायकल जागेवरच बघून सौ.नेच विचारले. सांगितले. ती रागावली नाही, हेच जास्त लागले. डॉक्टरांकडे मात्र ती स्वतः घेऊन गेली. ईसीजी, एको ठीक निघाले. डॉक्टर म्हणाले, "बोलता येत नव्हतं तेव्हाच थांबायचं होतं, मास्तर." फिजिओथेरपिस्ट बाईंनी डाव्या पायाचे वेगळे व्यायाम लावून दिले.

दोन्ही बाजूंचा मीटर घ्यावा, असे पुतण्याचे म्हणणे. मी त्रैराशिक मांडले. खऱ्या 160 ला माझा मीटर 134 दाखवतो, तर खऱ्या 140 ला 117. कॉम्प्युटरवर 115 ला गजर लावला. डावा पाय सुधारेल तसे हे प्रमाण बदलणार, म्हणून महिन्यातून एकदा त्याच टप्प्यावर तीच वही. गेल्या खेपेला तफावत 26 वरून 17 वर आली होती.

परवा चढावर गजर वाजला. मी उतरलो आणि सायकल हाती धरून चालू लागलो. मागून येळ्ळूरचा एक दूधवाला, जुनी काळी सायकल, दोन्ही बाजूंना कॅन, उभा राहून पायडल मारत आला.

"काय सर, पंक्चर?"

"नाही हो. 115 झाले."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या सायकलीकडे बघितले, आणि काही न बोलता पुढे गेला.